बटणाची सावली

एक करडा आयत घ्यायचा. त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला आतून पांढरी रेघ ओढायची, खालच्या आणि उजव्या कडेला गडद करडी, आणि सगळ्याभोवती काळी चौकट. सपाट आयत फुगून वर येतो. मग पांढरी रेघ पुसून तिथे गडद करडी ओढायची आणि आतली अक्षरं एक ठिपका खाली, एक ठिपका उजवीकडे सरकवायची. आयत आत दबतो. 22 मे 1990 रोजी आलेल्या विंडोज 3.0 मधल्या बटणांचं सगळं रहस्य एवढंच होतं. सोळा रंगांच्या पडद्यावर, मूठभर ठिपक्यांत, काचेवर मुळात नसलेला उंचवटा तयार व्हायचा. इथे दाबायचं असतं, हे कुणी वेगळं सांगावं लागायचं नाही.

डोळा या चार रेघांना फसतो याला कारण आहे. तमिळनाडूत जन्मलेले आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 साली 'नेचर' नियतकालिकात छटांवरून आकार कसा ओळखला जातो, याचे प्रयोग मांडले. वरून उजळ आणि खाली गडद होत जाणारी वर्तुळं माणसाला फुगीर दिसतात. छटा उलटी केली की तीच खोलगट दिसतात. पान उलटं धरलं, तर उंचवट्यांचे खड्डे आणि खड्ड्यांचे उंचवटे होतात. उजेड एकाच ठिकाणाहून येतो आणि तोही वरून, हे मेंदू गृहीत धरूनच चालतो. सूर्याखाली लाखो वर्षं वावरल्याचा हा संस्कार आहे.

म्हणजे बटणाची सावली ही नक्षी नव्हती. 'मी वर आलोय, मला दाब,' हा तो निरोप होता. तिथून पुढची पस्तीस वर्षं संगणकाचे आणि फोनचे पडदे घडवणारे लोक या सावलीशी झगडत आले. कधी तिचा अतिरेक झाला, कधी ती मुळासकट उपटली गेली, आणि एकदा तर ती इतकी मऊ, इतकी फिकट करून परत आणली गेली की बघणाऱ्याला बटण कुठे संपतं तेच कळेना.

मऊपणाची ओढ मात्र सावलीहूनही जुनी आहे. 1981 सालच्या मे महिन्यात ॲपलचे प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांनी मॅकिंटॉशच्या चित्रप्रणालीत वर्तुळं आणि लंबवर्तुळं झपाट्याने काढायची युक्ती शोधली. त्या यंत्राच्या 68000 प्रोसेसरला अपूर्णांकांची आकडेमोड थेट जमत नसे. वर्तुळाला वर्गमूळ लागतं. ॲटकिन्सन यांनी वर्गमूळ टाळलंच. 1, 3, 5, 7 अशा विषम संख्या क्रमाने मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळतात, या शाळकरी गणितावर काम भागवलं. सगळे खूश झाले, पण स्टीव्ह जॉब्ज यांनी विचारलं, गोल कोपऱ्यांच्या आयतांचं काय? ते कठीण आहे आणि त्याची गरजही नाही, असं ॲटकिन्सन म्हणाले. सहकारी अँडी हर्ट्‌झफेल्ड यांनी पुढची हकिकत लिहून ठेवली आहे. जॉब्ज यांनी खोलीतला फळा, टेबलं, एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली आणि मग ॲटकिन्सनना बाहेर रस्त्यावर नेलं. 'नो पार्किंग'ची पाटी दिसल्यावर वाद संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोल कोपऱ्यांचे आयत पडद्यावर सरसर उमटत होते. आज फोनवरचं जवळपास प्रत्येक बटण, प्रत्येक आयकॉन त्या पाटीचा वारस आहे.

नव्वदीचं दशक करड्या उठावाचं होतं. जानेवारी 2000 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात जॉब्ज यांनी मॅकचा 'ॲक्वा' हा नवा चेहरा दाखवला, तेव्हा बटणं निळ्या पाण्याच्या थेंबांसारखी झाली होती. दीड वर्षापूर्वी आलेल्या पारदर्शक आयमॅकचा देखणेपणा आता पडद्यात उतरला होता. पाहताक्षणी चाटावंसं वाटावं हे उद्दिष्ट होतं, असं जॉब्ज तेव्हा मंचावरून म्हणाले. थेंबावर वरून पडलेला उजेड आणि खाली झिरपलेली निळाई दिसत होती. भाषा तीच होती, फक्त दागिने चढले होते.

2007 च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आला. माऊस गेला, बोट आलं. काचेवर बोट कुठे ठेवायचं, हे जगातल्या कोट्यवधी माणसांना एकदम शिकवायचं होतं. कुलूपबंद पडद्याच्या तळाशी एक खाच होती, खाचेत डावीकडे बाण असलेला उजळ गुळगुळीत तुकडा, आणि शेजारी 'सरकवून उघडा' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं, ज्यांवरून डावीकडून उजवीकडे उजेड फिरत राहायचा. कडी, खाच, दिशा, सगळं तिथेच होतं. अक्षरं न वाचता येणारं लहान मूलही ती कडी सरकवायचं. या काळातलं इतकं नेमकं चित्र दुसरं नसेल.

मग मात्र हौस वाढत गेली. आयबुक्समध्ये लाकडी फळ्यांचं कपाट आलं. गेम सेंटरला जुगाराच्या टेबलावरचं हिरवं बनातीचं कापड लागलं. 2011 मध्ये मित्र कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ॲपला शिवण घातलेलं कातडं चढलं आणि मॅकच्या दिनदर्शिकेत फाडलेल्या पानाचे कपटे वरच्या कडेला चिकटून राहिले. 2012 च्या पॉडकास्ट ॲपमध्ये टेपरेकॉर्डरची रिळं फिरायची. या शैलीला 'स्क्यूओमॉर्फिझम' म्हणतात: नव्या वस्तूने जुन्या वस्तूचं रूप घ्यायचं. खाचेतल्या कडीने काहीतरी सांगितलं होतं. शिवणीचा दोरा काहीच सांगत नव्हता. तो दाबता येत नव्हता, उसवता येत नव्हता. फाटक्या कपट्यांना बोट लावून काही होत नसे. सावली निरोप्याचं काम सोडून शोभेला बसली होती. पुढे तिच्यावर जो राग निघाला, त्याची पेरणी इथेच झाली.

उलट दिशेची वाट रेडमंडमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या घरी, आधीच निघाली होती. तिथल्या डिझायनरांनी विमानतळ आणि रेल्वे स्थानकांवरच्या पाट्या समोर ठेवल्या. धावत्या माणसाला एका नजरेत वाचता आलं पाहिजे: मोठी स्वच्छ अक्षरं, एकरंगी पट्टे, बाण. या पाट्यांच्या मागे पन्नाशीच्या दशकातली स्वित्झर्लंडची मुद्रणशैली होती. झुरिकचे योझेफ म्युलर-ब्रोकमान यांची काटेकोर जाळीवर बेतलेली पोस्टरं आणि 1957 साली हास अक्षरओतशाळेतून निघालेला, पुढे हेल्वेटिका नावाने जगभर गेलेला टंक, ही तिची ठळक रूपं. 2010 च्या अखेरीस विंडोज फोन 7 आला, तेव्हा त्यात ना कातडं होतं, ना लाकूड, ना सावली. रंगीत चौकोन आणि अक्षरं, बस. पडद्याने पडद्यासारखंच दिसावं, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता.

दोन्ही वाटा एकाच आठवड्यात एकमेकींना भेटल्या. 26 ऑक्टोबर 2012 रोजी विंडोज 8 बाजारात आला आणि सपाट चौकोनांची शैली फोनवरून घराघरातल्या संगणकावर पोचली. तीनच दिवसांनी, 29 तारखेला, ॲपलने जाहीर केलं की आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फॉर्स्टॉल कंपनी सोडणार आहेत आणि पडद्याच्या रूपाची जबाबदारी यापुढे जॉनी आइव्ह यांच्याकडे असेल. फॉर्स्टॉल हे कातड्या-लाकडाच्या शैलीचे पुरस्कर्ते होते. आइव्ह वस्तू घडवणारे, पृष्ठभाग तासून तासून साधा करणारे.

विंडोज 8 चा पहिला धडा महिन्याभरातच मिळाला. वापरसुलभतेचे जुने अभ्यासक याकोब नील्सन यांनी संगणकाला सरावलेल्या बारा जणांना तो वापरायला देऊन निरीक्षणं घेतली. सेटिंग्जच्या पट्टीत काही आयकॉन होते आणि त्यांच्याखाली 'पीसी सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची अक्षरं. ती अक्षरं हेच बटण होतं, पण दिसायला ती वरच्या आयकॉनांचा मथळा वाटत होती. कड नाही, उठाव नाही, मग दाबायचं काय आणि वाचायचं काय? नील्सन यांचं हे निरीक्षण त्या वेळी अनेकांनी जुन्या पिढीची कुरकुर म्हणून झटकून टाकलं. ते झटकून टाकण्यासारखं नव्हतं.

10 जून 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनचं आयओएस 7 दाखवलं गेलं. बनात, शिवण, रिळं, सगळं गेलं. त्याच मंचावर मॅकची नवी दिनदर्शिका दाखवताना ॲपलचे क्रेग फेडेरिगी यांनी कातडं गेल्याबद्दल आभासी गायींच्या नावाने विनोद केला आणि सभागृह हसलं. जागोजागी पांढरी मोकळी जमीन, केसासारख्या बारीक रेघा, धूसर काचेचे थर, हलकी अक्षरं. सुंदर होतं ते. अनेक वर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसं वाटलं होतं, हे त्या वेळी फोन हाताळणारे आजही सांगतील.

पण कुलूपबंद पडद्यावरची खाच आणि कडी गेली. उरली फक्त अक्षरं आणि एक लहानसा बाण.

सपाटीकरणाची किंमत पहिल्या काही महिन्यांतच समोर आली. चाचणी आवृत्तीतली हेल्वेटिका इतकी किडकिडीत होती की सप्टेंबरच्या अंतिम आवृत्तीआधीच तिला थोडं अंग द्यावं लागलं. थरांच्या सरकण्याने काहींना गरगरायला लागलं, ऑक्टोबरच्या 7.0.3 आवृत्तीत हालचाल कमी करण्याचा पर्याय वाढवला गेला. आणि मार्च 2014 मध्ये, 7.1 आवृत्तीत, सेटिंग्जच्या आत एक नवी कळ आली: 'बटन शेप्स'. ती सुरू केली की नुसत्या अक्षरांच्या बटणांमागे करडा आकार उमटायचा. नऊ महिन्यांपूर्वी काढून टाकलेली कड परत आली होती, पण मुळात ती बंद ठेवलेली होती. ज्याला हवी त्याने शोधून काढायची.

सपाट शैली निव्वळ फॅशन होती, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. 2010 पर्यंत पडदे एकाच मापाचे राहिले नव्हते. पहिल्या आयफोनवर इंचाला 163 ठिपके होते, 2010 च्या आयफोन 4 वर 326. लाकडाचं प्रत्येक चित्र दोन-दोन मापांत करायचं, अँड्रॉइडसाठी आणखी मापांत, टॅबलेटसाठी वेगळं. फोन, टॅबलेट आणि संगणक अशा सगळ्यांवर एकच संकेतस्थळ आपोआप मावावं, ही रचनाही त्याच वर्षी रुजू लागली होती. सपाट रंग, गोल कोपरा, बारीक रेघ या गोष्टी चित्राशिवाय, दोन ओळींच्या कोडमध्ये होतात, कितीही मोठ्या करता येतात आणि पानही लवकर उघडतं. संथ इंटरनेटवर जगणाऱ्या देशांत हा फायदा लहान नव्हता.

सावली आणि चौकट गेली की सगळा भार अक्षरावर येतो, आणि इथे ही कहाणी देवनागरीपाशी येते. भारतीय भाषांतला संगणक अनेक वर्षं ज्या टंकात वाचला गेला तो 'मंगल', तो घडवला सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. विंडोज 2000 सोबत तो आला. विंडोज 8 ला मात्र नवी, स्वच्छ, पडद्यासाठी बेतलेली अक्षरं हवी होती. भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला यूआय' तेव्हाच आला. रोमन लिपीतलं अक्षर बारीक केलं तरी निभावतं. देवनागरीत 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक असतो तो शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा, 'भ' आणि 'म' यांच्यातही तसाच. वर वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार, मध्ये 'द्द'सारखं जोडाक्षर. 'रद्द करा' हे शब्द लहान आकारात, हलक्या वजनात, फिकट करड्या रंगात, पांढऱ्यावर छापले आणि भोवतीची चौकटही काढून घेतली, तर साठीतल्या माणसाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणावा आणि तरीही विचारावं, की दाबायचं कुठे? हा प्रश्न त्याच्या अडाणीपणाचा नाही. स्वित्झर्लंडच्या पोस्टरांतून आलेला संयम आपल्या लिपीवर जसाच्या तसा ताणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सावलीला पुन्हा कामाला लावायचं श्रेय गूगलला द्यायला हवं. 25 जून 2014 रोजी मातियास दुआर्ते यांच्या चमूने 'मटेरियल डिझाइन' मांडलं. पडद्यावरची प्रत्येक गोष्ट हा एक कागद, अशी त्यांची कल्पना. कागदाला जाडी आहे, तो जमिनीपासून ठरावीक उंचीवर तरंगतो, आणि त्याची सावली त्या उंचीवरूनच ठरते. साधं उठावाचं बटण 2 मापं वर, वरची पट्टी 4, कोपऱ्यातलं तरंगतं गोल बटण 6. दिवे दोन मानले होते: एक थेट, एक सगळीकडून येणारा मंद. त्यात एक लक्षात राहावी अशी उलटापालट होती. विंडोज 3.0 चं बटण दाबल्यावर आत जायचं. मटेरियलचं बटण बोट टेकताच 2 वरून 8 मापांवर, म्हणजे बोटाला भेटायला वर यायचं आणि सावली पसरायची. कातडं नाही, शिवण नाही, पण निरोप शाबूत. या सगळ्या इतिहासात इतका शहाणा तोडगा दुसरा झाला नाही.

बाकीचं जग अजून सपाटच चाललं होतं. 2017 मध्ये नील्सन यांच्याच संस्थेने 71 जणांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. खऱ्या संकेतस्थळांची नऊ पानं घेतली आणि प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या केल्या, एकीत बटणं-दुवे ठळक, दुसरीत पुसट. पुसट पानांवर लोकांची नजर 22 टक्के जास्त वेळ घुटमळली. तो वेळ वाचण्यात नव्हे, शोधण्यात गेला होता.

2019 सालच्या अखेरीस युक्रेनचे डिझायनर अलेक्झांडर प्ल्युतो यांनी ड्रिबल या डिझायनरांच्या कट्ट्यावर एका बँकेच्या ॲपचं कल्पनाचित्र टाकलं. ॲप अस्तित्वात नव्हतं, चित्रच होतं. फिकट जमीन, आणि त्याच जमिनीतून वर आल्यासारखी बटणं, जशी ओल्या मातीवर आतून बोट दाबून उंचवटा काढावा. वेगळा रंग नाही, रेघ नाही. डावीकडून वर पांढरा उजेड, उजवीकडे खाली मंद करडी सावली. चित्र वाऱ्यासारखं पसरलं. पोलंडचे डिझायनर मिखाऊ मालेविच यांनी या शैलीवर लिहिलं आणि 'न्यूमॉर्फिझम' हे नाव रुळलं. 'सॉफ्ट यूआय' हे दुसरं. एका संकेतस्थळावर तर रंग निवडला की दोन सावल्यांचा कोड तयार मिळू लागला.

तो कोड जवळून पाहण्यासारखा आहे. डावीकडे वर पांढरी, उजवीकडे खाली गडद करडी. ही तर विंडोज 3.0 चीच कृती! तीस वर्षांनी तीच दोन रंगांची जोडी परत आली होती, फक्त रेघा पुसून त्यांचं धुकं केलं होतं आणि काळी चौकट काढून टाकली होती.

आणि नेमकी ती चौकटच महत्त्वाची होती. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजायचं एक सर्वमान्य गणित आहे: 1 म्हणजे उजळपणा सारखाच, 21 म्हणजे पांढऱ्यावर काळं. जून 2018 च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनी सांगितलं, की बटण ओळखायला कड लागत असेल, तर ती शेजारच्या रंगापासून किमान 3 ने उठून दिसली पाहिजे. नेहमीच्या मजकुरासाठी ही मर्यादा 4.5 आहे. विंडोज 3.0 च्या करड्या बटणाची काळी चौकट या गणितात साडेअकराच्या आसपास भरते. सॉफ्ट यूआयच्या ठरीव नमुन्यातल्या फिकट करड्या जमिनीवर गडद सावली भरते सुमारे 1.4, पांढरी सुमारे 1.3. दुपारच्या उन्हात, एसटीच्या थांब्यावर फोन उघडला की काचेवरचं प्रतिबिंब उजळ आणि गडद दोन्ही रंगांत मिसळतं आणि हा एवढासा फरकही विरतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्याला तर त्यासाठी ऊनही लागत नाही.

बटण सुरू आहे की बंद, हेही सावली बाहेर की आत एवढ्यावरच ठरत होतं. मालेविच यांनीच नाव रुळवताना हा धोका लिहून ठेवला होता: कार्डांसारख्या निव्वळ शोभेच्या पृष्ठभागांना ही शैली चालेल, बटणांसाठी मात्र ती घातक आहे. सुदैवाने मोठ्या बँकांनी आणि सरकारी सेवांनी ती घाऊक उचलली नाही. न्यूमॉर्फिझमचा बहर मुख्यतः नमुनाचित्रांतच फुलला आणि ओसरला.

तरी मऊपणा काही ना काही रूपात आत आलाच. जून 2020 मध्ये दाखवलेल्या मॅकओएस बिग सरमध्ये आयकॉनांना पुन्हा खोली आणि सावल्या आल्या, ऑक्टोबर 2021 च्या विंडोज 11 ने खिडक्यांचे कोपरे गोल केले, आणि 9 जून 2025 रोजी ॲपलने 'लिक्विड ग्लास' आणलं: मागचं सगळं वाकवून, चमकवून दाखवणारी द्रवरूप काच. ॲक्वाचा थेंब पंचवीस वर्षांनी परतला होता, आता पारदर्शक होऊन. सप्टेंबरमध्ये आयओएस 26 फोनांवर पोचलं आणि तक्रारीही लगेच आल्या: काचेमागून रंगीत चित्र गेलं की वरची अक्षरं वाचवत नाहीत.

नोव्हेंबरच्या 26.1 आवृत्तीत उपाय आला. आधी सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड ब्राइटनेस, मग लिक्विड ग्लास, आणि तिथे 'क्लिअर'ऐवजी 'टिंटेड'. ते निवडलं की काच घट्ट होते आणि अक्षराला पाठीमागे जमीन मिळते. ज्यांना त्या काचेवरचं अक्षर लागत नाही, त्यांना या चार पायऱ्या त्याच काचेतून शोधत जावं लागतं.